पाठमोरा जोकर

एका सिनेमावर अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा घरातूनच आला. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा बघून आई म्हणाली, "तो तोंडाला रंग फासलेला मेला अजून उतरला नाही का तुझ्या डोक्यावरून?" नाही उतरला. २००८च्या पावसाळ्यात चढला तेव्हा मी पुण्यात वसतिगृहावर राहत होतो. आता डोक्यावरचे केस कमी झालेत, घराचे हप्ते वाढलेत, पण तो आहे तिथेच आहे.

पहिला खेळ लख्ख आठवतो. आम्ही पाच जण चिंब भिजून आत शिरलो होतो. छत्र्या पायाशी गळत होत्या आणि शेजारच्याच्या ओल्या मोज्यांचा वास सुटला होता. आपल्याकडची थेटरं इंग्रजी सिनेमाला मध्यंतर कुठेही पाडतात, हात येईल तिथे सुरी फिरवल्यासारखं. त्या दिवशी ते पडलं कुठे, तर रात्रीच्या रस्त्यावर अठरा चाकांचा अजस्र ट्रक मागून उचलला गेला, नाकावर उभा राहिला, पलीकडे उताणा आपटला, आणि दिवे लागले. एरवी दिवे लागायच्या आत समोशाच्या रांगेत असणारी आमची टोळी जागची हलली नाही. मागून कुणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली आणि देवळात चुकून शिट्टी मारल्यासारखा तो लगेच ओशाळून थांबला.

तो ट्रक खरा होता, हे फार नंतर कळलं. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर, दोन्ही बाजूंना बँकांच्या इमारती असताना, ट्रेलरखाली दट्ट्या बसवून तो खरोखर उलटवला होता, आणि आत चालक बसलेला होता. संगणकावर हे करणं सोपं होतं. पण दिग्दर्शक नोलनला ते तसं नको होतं, आणि या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी त्या 'नको'पाशी येऊन थांबतात.

सिनेमा कोणता ते आता सांगतो, म्हणजे चुकून हे पुस्तक उचललेला वाचक इथूनच परत जाऊ शकेल. क्रिस्टोफर नोलनचा 'द डार्क नाइट'. देवनागरीत लिहिताना नावातली गंमत अशी होते की 'नाइट' म्हणजे काळा सरदार की काळी रात्र, हा फरकच पुसला जातो. मला ती चूक आवडते. बॅटमॅनच्या सिनेमाच्या नावात बॅटमॅन नसण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि सिनेमा पाहिल्यावर ते का, हे विचारावं लागत नाही.

बॅटमॅनची कुळकथा थोडक्यात उरकतो, कारण ती जाणणारे मला उभं करून चुका काढतील आणि न जाणणारे कंटाळतील. १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात तो प्रथम आला. बॉब केनचं नाव कायम छापलं गेलं. लेखक बिल फिंगरला अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं, आणि तोवर फिंगर जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. जोकर आला १९४०मध्ये, बॅटमॅनच्या स्वतंत्र कॉमिकच्या पहिल्या अंकात. त्याचं ते कायम ताणलेलं हसू १९२८च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातल्या कॉनराड फाइट या नटाच्या चेहऱ्यावरून उचललेलं. पुढे दूरचित्रवाणीवर सीझर रोमेरोने जोकर केला. या गृहस्थाने भूमिकेसाठी मिशी काढायला साफ नकार दिला, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला गेला. जवळून पाहिलं तर ती रंगाखाली दिसते. मग १९८९मध्ये टिम बर्टनच्या सिनेमात जॅक निकल्सन आला, आणि लोकांनी ठरवून टाकलं की आता यापुढे काही नाही.

म्हणूनच २००६मध्ये हीथ लेजरचं नाव जाहीर झालं तेव्हा चाहत्यांनी आकांत मांडला. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'मधला तो गोड पोरगा जोकर? त्या ओरडणाऱ्यांत मी नव्हतो, यात माझा शहाणपणा काही नाही. मला हीथ लेजर कोण हेच ठाऊक नव्हतं. 'ब्रोकबॅक माउंटन' मी जोकरनंतर पाहिला, म्हणजे उलट्या क्रमाने, आणि उलट्या क्रमाने पाहिल्यामुळेच एक गोष्ट चटकन दिसली. त्या सिनेमातला गुराखी एनिस जबडा आवळून बोलतो. शब्द दातांच्या मागे अडकलेले, एकेक उपसून बाहेर काढावा लागतो. जोकरचं तोंड मिटतच नाही. जीभ सारखी ओठांवरून, गालांवरच्या व्रणांवरून फिरते, आवाज एकाच वाक्यात तळाशी जातो आणि किंचाळीपर्यंत वर येतो. एकाचं तोंड कुलूपबंद आणि दुसऱ्याचं बिजागरीतून निखळलेलं. दोन्ही एकाच माणसाने तीनेक वर्षांच्या अंतराने केलेली तोंडाची कामं आहेत. हे कळल्यावर माझ्या भक्तीचा रंग बदलला, आणि पुस्तकाचं बी तिथे पडलं.

कारण तोवर मीही तीच कथा सांगत फिरायचो, जी सगळे सांगतात. लेजर महिनाभर हॉटेलच्या खोलीत कोंडून बसला, जोकरची डायरी लिहिली, भूमिका अंगात शिरली, बाहेर निघेना, आणि तिनेच त्याचा जीव घेतला. वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री दोन वाजता ही कथा फार छान रंगते. खोली खरी आहे, डायरीही खरी आहे. तिच्यात तरसांची चित्रं आहेत, 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मधली छायाचित्रं आहेत. झोप येत नाही, असं तो स्वतः मुलाखतीत म्हणाला होता. पण २२ जानेवारी २००८ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचं मिश्रण चुकून जास्त झाल्याने, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. जोकरचं चित्रीकरण त्याआधी आटोपलेलं होतं आणि तो टेरी गिलियमच्या पुढच्या सिनेमात गुंतला होता. तो अर्धा राहिलेला सिनेमा जॉनी डेप, जूड लॉ आणि कॉलिन फॅरेल यांनी मिळून पुरा केला आणि मानधन त्याच्या लहान मुलीला दिलं. जोकर करताना त्याला मजा येत होती, असं त्याच्या बहिणीने पुढे सांगितलं. मजा येत होती! आम्ही गच्चीवर बसून ज्याला झपाटलेला ठरवत होतो, तो गडी कामाचा आनंद घेत होता.

आपल्याकडे निळू फुले होऊन गेले. पडद्यावर त्यांनी नुसतं मान तिरकी करून बघितलं तरी गावाकडच्या बायकांचा थरकाप उडे, आणि प्रत्यक्षात समोर आले तरी त्या बिचकत, असं सांगतात. एरवी हा माणूस सेवा दलातला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, बोलायला मऊ. निळूभाऊंना पाटील 'लागला' होता, असं मराठी प्रेक्षकाने कधी म्हटलं नाही. वाईट माणूस चांगला वठवणं हे काम आहे, हे आपल्या आजीला कळत होतं. मग शिकागोत रंगवलेल्या एका खलनायकाबद्दल आम्हा शिकलेल्या पोरांची मती का गुंग झाली? बहुधा मृत्यूमुळे. मेलेल्या नटाचं कौतुक करताना त्याच्या मेहनतीपेक्षा त्याचं मरण जास्त चमकदार दिसतं.

मेहनत म्हणजे काय, ते मला एका फजितीने शिकवलं. वसतिगृहाच्या गॅदरिंगला मी जोकर झालो. सफेदा, काजळ, मैत्रिणीकडून उसनी लिपस्टिक. आरशात बघून सगळं गुळगुळीत, नीटस लावलं आणि रंगमंचावर गेलो. लोक हसले, पण चुकीच्या जागी. फोटोत मी वाढदिवसाला बोलावलेल्या विदूषकासारखा दिसत होतो. चूक कुठे झाली, हे रंगभूषाकार जॉन कॅग्लिओनी यांनी सांगितलेली हकिगत वाचल्यावर उमगलं. लेजर चेहरा आक्रसून धरायचा, कपाळाला आठ्या घालायचा, आणि त्या चुरगळलेल्या चेहऱ्यावर पांढरा रंग चढवला जायचा. चेहरा सैल सोडला की रंगाला आपोआप भेगा. डोळे घट्ट मिटून त्यावर काळं, मग पाण्याचा फवारा, की ते ओघळणार. म्हणजे तो रंग पहिल्या मिनिटापासून चार दिवसांचा शिळा दिसावा, याची तजवीज होती. नट आणि रंगभूषाकार मिळून दोघांनी केलेलं ते काम होतं. मी पाऊण तास खपून ताजा दिसलो होतो.

अशी कितीतरी 'अचानक घडलेली' दृश्यं आहेत, जी अचानक घडलेलीच नाहीत. इस्पितळाचं घ्या. नर्सच्या वेषात जोकर बाहेर पडतो, मागे स्फोट होतात, मग थांबतात. तो वळून बघतो, हातातलं बटण खटखट दाबतो, आणि एकदम सगळी इमारत कोसळते. दारूगोळा फसला आणि लेजरने जागच्या जागी निभावून नेलं, ही दंतकथा मी स्वतः किमान पन्नास जणांना ऐकवली असेल. खरं असं की ती थांबायची जागा आधीच ठरलेली होती. ती इमारत म्हणजे शिकागोतला गोळ्या-चॉकलेटांचा एक बंद पडलेला कारखाना. ती पाडायची एकदाच, दुसरा टेक नाही, आणि स्फोटांच्या दोन टप्प्यांमध्ये वेळ जाणार होता. ती फट भरायला नटाला काहीतरी करायला द्यायचं होतं. त्याने जे केलं ते आपण बिघडलेल्या रिमोटशी रोज करतो तेच. दंतकथेपेक्षा ही हकिगत मला कितीतरी थोर वाटते. मागे खरी इमारत पडतेय, परत मिळणार नाही, आणि हा माणूस चिडक्या काकांसारखा बटण दाबतोय, पाऊल न चुकवता.

चौकशीच्या खोलीचं दृश्य मी किती वेळा पाहिलं याचा हिशेब ठेवलेला नाही. पुस्तकात त्यावर सगळ्यांत लांब प्रकरण आहे, त्यामुळे इथे एवढंच. खोली अंधारी आहे, जोकर आणि पोलीस अधिकारी गॉर्डन दोघेच. गॉर्डन बेड्या काढून निघून जातो. दिवे लागतात, आणि बॅटमॅन जोकरच्या मागेच उभा असतो. वटवाघळाचा पोशाख हा अंधारासाठी शिवलेला. कॅमेरामन वॉली फिस्टरने तो भकभकीत पांढऱ्या उजेडात आणून ठेवला आणि सुपरहिरो एकाएकी सोंग घेतलेल्या माणसासारखा दिसायला लागला. उलट जोकर त्याच उजेडात घरच्यासारखा. डोकं टेबलावर आपटलं जातं तर हा मारायची पद्धत चुकली म्हणून तक्रार करतो, की सुरुवात डोक्यापासून करू नये, पुढचं मग नीट जाणवत नाही. चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या दिवसांतच हे दृश्य घेतलं गेलं. लेजर मला खरंच मार म्हणून उचकवत होता, स्वतःला भिंतीवर झोकून देत होता, त्याने फरशा तडकल्या, असं बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलने सांगितलं आहे. बेलने काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याने हरायचं काम केलं. दृश्यभर ताकद सगळी त्याच्या हातात, आणि प्रत्येक ठोशागणिक तो लहान होत जातो. समोरच्याला मोठं करायला स्वतः खुजं दिसावं लागतं. फार कमी नायक त्याला तयार होतात. संगीत नाटकात साथ करणाऱ्याला जी दाद मिळायची, तीही बेलच्या वाट्याला आली नाही.

बेलच्या त्या खरखरीत आवाजाची थट्टा मीही केली आहे. तो आवाज फसलाच आहे, त्याची वकिली मी करणार नाही.

पण मला खरं बोलायचंय ते या बाकीच्यांबद्दल. सरावात लिफ्टमधून जोकर पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा आपण वाक्यच विसरलो, असं मायकेल केनने प्रांजळपणे सांगितलं आहे. हा माणूस तोवर दोन ऑस्कर मिळवून बसलेला. त्याचा आल्फ्रेड, म्हणजे बॅटमॅनचा म्हातारा नोकर, एक जुनी गोष्ट सांगतो. ब्रह्मदेशात असताना एक डाकू सरकारची रत्नं लुटायचा आणि फेकून द्यायचा. का, तर गंमत म्हणून. काही माणसांना जग नुसतं जळताना बघायचं असतं, हा त्या गोष्टीचा अर्थ जगभर टी-शर्टांवर छापला गेला. त्या गोष्टीचा शेवट मात्र सिनेमात बऱ्याच नंतर, जाता जाता येतो. त्या डाकूला पकडलं कसं? जंगल जाळून. केन हे इतक्या सौम्यपणे, चहा ओतावा तसं सांगतो, की अमेरिकी समीक्षकांच्या कानावरून ते सहज सरकलं असावं. माझ्या नाही सरकलं. ज्यांच्या पणजोबांनी साहेबाचं राज्य पाहिलं आहे, त्यांना तो प्रेमळ म्हातारा त्या एका वाक्यापुरता अनोळखी होतो. पुढे सगळ्या शहराचे फोन चोरून ऐकणारं यंत्र बॅटमॅन उभारतो, तेव्हा मला ते जंगलच दिसतं.

ॲरन एकहार्टवर तर आम्ही चाहत्यांनी अन्यायच केला. हार्वी डेंट हा खरा शोकनायक. गावाने डोक्यावर घेतलेला सरकारी वकील, खिशात दोन्ही बाजूंना छापच असलेलं नाणं. नशिबावर सोडतो म्हणायचं आणि निकाल आधीच ठरवून ठेवायचा, ही त्याची ऐट. आगीत त्याचा अर्धा चेहरा जातो आणि नाण्याची एक बाजू. इस्पितळात तो ते नाणं उलटून बघतो, जळकी बाजू समोर येते, आणि एकहार्ट ओरडतो. ती किंकाळी आपल्याला ऐकू येत नाही. मागच्या खेपेला मी ते दृश्य पाहताना एकहार्टच्या मानेच्या शिरांकडे बघत होतो. आवाज काढून घेतल्यावर नटाकडे तेवढंच उरतं. आणि गॅरी ओल्डमन! आयुष्यभर तऱ्हेवाईक खलनायक करणारा हा माणूस इथे मिशीआड दडलेला थकलेला फौजदार आहे, ज्याच्या शर्टाची कॉलरसुद्धा दमलेली वाटते. शेवटी मुलाच्या कपाळाला पिस्तूल लागतं तेव्हा तो विनवणी करतो, आणि त्या विनवणीत अधिकाऱ्याचा लवलेश नसतो. त्यानंतर गॉर्डन आणि बॅटमॅन मिळून डेंटचे गुन्हे झाकतात, पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून. पुतळे सांभाळण्यासाठी काय काय करावं लागतं, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको.

भक्त असलो तरी डोळे उघडे आहेत. बॅटमॅन आणि डेंट या दोघांचं जिच्यावर प्रेम आहे, ते रेचेल हे पात्र लिहिणाऱ्यांनी वापरून टाकलं आहे. मॅगी जिलेनहालने तिला जेवढी बुद्धी आणि तिखटपणा देता येईल तेवढा दिला, पण कथेला ती हवी होती मरण्यापुरती, म्हणजे दोन पुरुषांना दुःख करता येईल. दोन बोटींचा प्रसंग शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखा आहे. आणि हाँगकाँगची सफर कापली असती तर १५२ मिनिटांच्या या सिनेमाला कुणी कमी लेखलं नसतं. या तक्रारी पुस्तकात तपशिलात आहेत. माझ्या एका मित्राने त्या वाचून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

२२ फेब्रुवारी २००९ला लेजरला साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. ते घ्यायला मंचावर आई, वडील आणि बहीण आले. मरणोत्तर अभिनयाचं ऑस्कर त्याआधी एकाच नटाला, पीटर फिंचला, मिळालं होतं. उत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात सिनेमाचं नावच नव्हतं. त्यावर एवढी ओरड झाली की काही महिन्यांतच अकादमीने त्या गटात पाचाऐवजी दहा नावं घ्यायचं ठरवलं. ओरड हेच कारण, असं अकादमी म्हणणार नाही. आम्ही म्हणतो.

चाहत्याने आपली पातळी कबूल करावी म्हणून सांगतो. २०१९मध्ये नोलन 'टेनेट'च्या चित्रीकरणाला मुंबईत आला. डिंपल कपाडिया त्यात होत्या. मी रजा टाकून कुलाब्यात दिवसभर उभा राहिलो आणि मला सुरक्षारक्षकांच्या पाठी दिसल्या. एका पाठीच्या पलीकडे निळसर कोट क्षणभर हलला, तो त्याचाच होता असं मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "पाठ बघायला रजा घातलीस?"

हो. पाठीवरूनच तर हे पुस्तक सुरू होतं. सिनेमाच्या अगदी पहिल्या मिनिटात, दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. एका हातात विदूषकाचा मुखवटा लोंबतोय. ही सुरुवातीची दरोड्याची पाच-सहा मिनिटं आयमॅक्सच्या अवजड कॅमेऱ्यावर घेतलेली, आणि डिसेंबर २००७मध्ये, लेजर हयात असताना, अमेरिकेतल्या काही आयमॅक्स पडद्यांवर दुसऱ्या एका सिनेमाआधी दाखवली गेली होती. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. चेहरा नाही, रंग नाही, आवाज नाही. नुसते किंचित पडलेले खांदे, पुढे आलेली मान, आणि गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं ते कंटाळलेलं उभं राहणं. कॅमेरा हळूहळू त्या मुखवट्याकडे सरकतो. गाडी येते, दार उघडतं, तो आत बसतो. पहिलं प्रकरण या उभं राहण्यावर आहे. ते अकरा पानांचं झालं, आणि संपादकांनी सांगूनही मला त्यातलं एकही पान कमी करता आलं नाही.